कोपऱ्यातली शेळी

१८ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही अण्णाच्या घरी सुखरूप पोचलो. वसतिगृहातली माझी खोली रिकामी केली, तेव्हा पस्तीस वर्षांचा संसार दोन ट्रंकांत मावला. हसू आलं आणि वाईटही वाटलं. घर धडधाकट आहे. दोन खोल्या, मागे पत्र्याचा गोठा आणि पलीकडे कुंपण घातलेलं रान. अकरा शेळ्या, एक बोकड आणि आम्ही दोन म्हातारी, असं आता आमचं कुटुंब.

तुझ्या भाऊजींची पहिल्याच सकाळी फजिती झाली. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, बादली घेऊन ऐटीत धार काढायला बसला. शेळीने आधी पाय बादलीत घातला आणि मग यांचा पंचा खाल्ला. शेजारचा दूधवाला हसून हसून बेजार झाला, पण कसं बसायचं आणि कुठे धरायचं ते त्यानेच शिकवलं. हे लगेच शिकले. त्यांचं म्हणणं असं की बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं. साठी उलटल्यावर हा माणूस एवढा खूश झालेला मी पहिल्यांदाच पाहते आहे.

एक विचारायचं राहिलंय. अकरातली एक शेळी अण्णाने अगदी मागच्या कोपऱ्यात, वेगळ्या दाराआड ठेवलेली आहे. पाणी वेगळं, चारा वेगळा. गोठ्याकडे तोंड करून दिवसभर ओरडते. मी इतक्या मुली सांभाळल्या, पण एकीलाही कधी एकटं बसून जेवू दिलं नाही. मला हे बघवत नाही. ती आजारी दिसत नाही, मारकीही नाही. शेवटचे एकोणीस दिवस तू अण्णाच्या उशाशी होतीस. तिच्याबद्दल तो काही बोलला होता का? तुझं पत्र येईपर्यंत मी दार उघडत नाही.

आणि हो, अण्णाने मृत्युपत्रात सगळं माझ्या नावावर केलं हे तुला लागलंय, ते मला कळतं. वसतिगृह सुटल्यावर आम्हाला छप्पर नव्हतं, एवढंच त्याच्या मनात असणार. मी शेवटच्या दुपारी पोचले आणि तू सगळं केलंस, हे मी विसरलेली नाही.

तब्येतीला जप. आहे ती माया राहू दे.
तुझी,
अक्का


२७ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भाऊजींच्या पंचाचं वाचून दुकानात एकटीच हसत सुटले. समोर गिऱ्हाईक माप द्यायला उभं होतं, त्याला वाटलं मी त्याच्या पोटाला हसते. साठीला बुद्धी नाठी म्हणतात ते उगीच नाही. लोक या वयात हातपाय पसरून बसतात आणि तुम्ही शेण काढायला निघालात.

इकडे सगळं जुनंच. शिवणयंत्राचा पट्टा दोनदा तुटला. गुडघा दुखतो. अण्णाच्या दवाखान्यात जमिनीवर झोपून दुखणं बळावलं असं डॉक्टर म्हणतात. त्याला इलाज नाही, तेव्हा झोपायला दुसरं कुणी नव्हतं.

छपराबद्दल तू लिहिलंस. मी काही म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ज्याचं त्याने द्यावं, ज्याला द्यायचं त्याला द्यावं. तुम्ही सुखी राहा म्हणजे झालं. शेळ्यांतलं मला काय कळतं? इथून काही सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.
तुझी,
धाकटी


१४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मध्ये पत्र लिहायला फुरसत मिळाली नाही. शेळ्यांना सुट्टी नसते. सकाळी धार, मग रान, मग झाडलोट, संध्याकाळी परत धार. वसतिगृहात निदान मे महिन्यात तरी उसंत मिळायची.

कोपऱ्यातलीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, तेव्हा अण्णा काही बोलला नसणार असं समजून मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी दार उघडलं. काय सांगू तुला! पाच मिनिटं जागची हलली नाही. मग अशी धावली की लंगडी म्हातारी शेळीसुद्धा तिच्यामागे निघाली. आता ती सगळ्यांच्या मधोमध झोपते. अण्णाने हे असं का ठेवलं असेल, याचं मला अजून कोडं आहे. वहिनी गेल्यावर तो जरा विक्षिप्तच झाला होता.

तिच्यासकट नऊ शेळ्या गाभण आहेत, असं दूधवाला म्हणतो. हे रोज एकेकीच्या पोटावर हात ठेवून बघतात आणि आतलं पिल्लू हललं की मला हाक मारतात. राहिलेल्या दोघींचं दूध हे बादलीतूनच, कोमटसं पितात. तापवलं की चव जाते म्हणे. परवा मला म्हणाले की आपल्याला मूल झालं नाही ते बरंच, एकदम नऊ घरी व्हायची होती. आमच्यात तो विषय तीस वर्षांत निघाला नव्हता. मी चुलीकडे तोंड फिरवलं.

करडं झाली की तू ये. दोन तुझी, तुला आवडतील ती. आठवण ठेवावी, एवढंच मागणं.
तुझी,
अक्का


२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. आधी कोपऱ्यातलीने गाभ टाकला. दिवस भरायला महिना होता. मला वाटलं, शिंगं लागली असतील. पण आठ दिवस झाल्यावर दुसरीने टाकला, मग एका रात्रीत दोघींनी. आजवर सात झाले. अंगावर केस आलेली, खूर फुटलेली मेलेली करडं. एक थोडं जगलं. यांनी ते आपल्या सदऱ्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि तासाभराने तसंच मेलेलं खाली ठेवलं.

प्रत्येक खेपेला हात घालून हेच सोडवतात. दूधवाल्याने रबरी हातमोजे आणून दिले होते. मोज्यातून काही कळत नाही म्हणून यांनी ते काढून टाकले. काचांनी कापलेली ती बोटं, हिवाळ्यात नेहमी उललेली असतात. मी गरम पाणी देते आणि दिवा धरून उभी राहते. दुसरं मला काही येत नाही.

काय चुकलं ते कळत नाही. आम्ही त्यांना चारा कमी घातला का, की जास्त घातला? तुला काही ठाऊक असतं तर तू लिहिलंच असतंस, म्हणून तुलाही काय विचारू. जनावरांचे पहिले डॉक्टर बदलून गेलेत. नव्यांना निरोप धाडलाय.

यांना दोन दिवस ताप आहे. दमले आहेत. तुला बरं लिहायला काही नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.
तुझी,
अक्का


१० डिसेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. डॉक्टरांना लगेच बोलाव, वाट बघू नकोस. कोपऱ्यातलीला परत वेगळी बांध. आजच बांध. भाऊजींना विश्रांती घेऊ दे. लोकरीचा गळपट्टा पाठवते आहे.

मला दुसरं काही सुचत नाही.
धाकटी


३ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

काल सरकारी माणसं सगळ्या शेळ्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. गाभ टाकण्याचा साथीचा रोग आहे, औषध नाही, कळप ठेवता येत नाही. एकेकीची दोरी मीच हातात धरली, कारण अनोळखी माणसामागे त्या जाईनात. माझ्या मागे गाडीपर्यंत मुकाट आल्या. रानाच्या टोकाला नेऊन त्यांना मारलं, खड्ड्यात पुरलं आणि वर चुना टाकला. गोठाही जाळला.

हा रोग माणसालाही होतो. कच्च्या दुधातून होतो, हातावरच्या चिरांतून होतो. ताप येतो आणि जातो तो त्याचाच. आम्ही महिनाभर त्याला थकवा म्हणत बसलो. हे आता मोठ्या दवाखान्यात आहेत. रोग हृदयाच्या पडद्याला लागलाय. वय पाहता शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. यांना मी सांगितलेलं नाही. हे मात्र मला रोज विचारतात की शेळ्यांना पाणी कोण दाखवतं. मी म्हणते, दूधवाला.

नव्या डॉक्टरांना जुन्या दप्तरात अण्णाचं नाव सापडलं. दोन वर्षांपूर्वी याच गोठ्यात एका शेळीला हा रोग निघाला होता आणि तिला मारून टाका, असं पहिल्या डॉक्टरांनी अण्णाला लेखी दिलं होतं. म्हणजे अण्णाला माहीत होतं. तिला मारवेना म्हणून त्याने कोपऱ्यात ठेवली. मग मरताना त्याने कुणाला सांगू नये? एवढा जबाबदार माणूस, आणि आम्हाला डोळे बांधून आत सोडलं? मी त्याला मनातून फार बोलले. मेलेल्या भावाला शिव्या दिल्या, धाकटे.

अक्का


९ जानेवारी

ती. अक्कास,
नमस्कार.

अण्णाला बोलू नकोस. त्याने सांगितलं होतं.

दवाखान्यात सोळाव्या दिवशी त्याने मला जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, तरी दोनदा सांगितलं. कोपऱ्यातली रोगी आहे, तिला बाकीच्यांत घेऊ देऊ नकोस. वहिनीने ती बाटलीने दूध पाजून वाढवली होती, म्हणून मारली नाही म्हणाला. अक्काला सांग, ती दार उघडेल, तिला राहवणार नाही, असंही म्हणाला. तो तुला ओळखून होता.

क्रियाकर्म आटोपल्यावर मी तुला सांगणार होते. मग कागद वाचले गेले. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं, एका भांड्यापुढेसुद्धा नाही. तुला छप्पर हवं होतं, हे मला पटतं. तेव्हाही पटत होतं. पण एकोणीस दिवस मी त्याची घाण काढली आणि जाताना त्याने तुझीच काळजी केली. मी तशीच निघून आले.

तुझं जूनचं पत्र आलं. तू सरळ विचारलं होतंस. मी ते तीनदा वाचलं आणि उत्तरात गुडघ्याबद्दल लिहिलं. मूग गिळून बसले. वाटलं, एखाददुसरं करडू जाईल, अद्दल घडेल, मग कळेल की फुकट मिळालेलं सांभाळायलाही अक्कल लागते. माणसाला होतो हे मला माहीत नव्हतं. अण्णाने तेवढं सांगितलं नव्हतं, की मला ऐकू आलं नाही, देव जाणे. माहीत असतं तर लिहिलं असतं, हे तुला खरं वाटेल की नाही मला माहीत नाही.

डिसेंबरातसुद्धा मी खरं लिहिलं नाही. गळपट्टा पाठवला.

मला काय वाटेल ते बोल. फक्त भाऊजी कसे आहेत तेवढं कळव.
धाकटी


४ फेब्रुवारी

धाकटे,

हे गेले. आज पंधरा दिवस झाले.

मी त्यांच्या उशाशी बसले असताना दूधवाल्याने तुझं पत्र दवाखान्यात आणून दिलं. तुझं अक्षर पाहून त्यांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. मी पहिली ओळ वाचली आणि थांबले. त्यांनी पुढे वाच म्हणून हट्ट धरला. शेळ्या गेल्याचं त्यांना तेव्हाच मला सांगावं लागलं. मग सगळं वाचलं, एक शब्द न सोडता.  ऐकून हे म्हणाले की हातमोजे मी काढले होते, तिला तसं कळव. दूधही मीच न तापवता प्यायलो, हेही कळव.  रात्री ताप चढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मी त्यांची बोटं धरून होते. मला आधी वाटायचं की अखेरीला माणूस काहीतरी बोलतो. हे बोलले नाहीत.

तर हा त्यांचा निरोप. तो पोचवला.

माझं वेगळं आहे. मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. सकाळी पाचला जाग येते, काही काम नसतं, आणि मी तुझ्यावर चिडत पडून राहते. दार मी उघडलं, हेही मला माहीत आहे. पण मी विचारून उघडलं होतं. तुझ्या पत्राची बारा-तेरा दिवस वाट पाहिली होती.

तू माझी बहीण आहेस, यात आता काही बदल करता येत नाही. आईच्या पोटच्या आपण दोघीच राहिलो. या घरात मला एकटीला राहवत नाही आणि दुसरीकडे जायला जागा नाही. तेव्हा तू ये. दुकान बंद कर आणि ये. मी तुझ्याशी बोलेन की नाही, सांगता येत नाही.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. तुझ्या पत्रातून काय गळलंय ते मला वाचून ओळखता येत नाही. समोर येऊन बस.

अक्का