शेवटचा 'क'

पारोळा, बुधवार, १५ फेब्रुवारी १९८९

आज मालिकेतल्या मुंबईच्या पोरांच्या बँडला पहिलं रेकॉर्डिंग मिळालं. टीव्हीपुढे जमलेल्या आमच्या सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. नाना मात्र म्हणाले, "हाऊ पोऱ्या बेसूर शे. मनी आंडेर यान्हापेक्षा भारी गास."

त्यांची लेक म्हणजे मीच! पण ते लग्नात क्लॅरिनेट वाजवायला गेले की मगच मी गाते. ऐकलं कधी त्यांनी?

पिठाच्या डब्याखाली लपवलेला गायन स्पर्धेचा फॉर्म लगेच पुढे केला. सही केली! वडिलांचा व्यवसाय नाना नेहमी 'शेती' लिहितात. शेत कुठलं, दारात कुंडीही नाही. आज चष्मा पुसून लिहिलं, 'क्लॅरिनेटवादक'. रकान्यात मावेना, शेवटचा 'क' समासात गेला.

राहू दे तिथेच. पण ऐकलं कधी?