पलीकडच्या कड्यावरून आलेली साद

प्रिय छोटे,

तू पाठवलेली साद जिवंत पक्ष्याची नाही. आमच्या ध्वनितंत्रज्ञाने आज सकाळी खात्री करून सांगितलं. हेडफोन काढत म्हणाला, “साहेब, पक्ष्याला खोकला होतो का हो?” सगळे हसले. मीही हसलो असेन.

खोकला बाबांचा आहे. आपल्या लहानपणी त्या दरीत त्यांनी हा पक्षी टेप केला तेव्हा आपण दोघं त्यांच्या मागे दबा धरून बसलो होतो. साद संपता संपता त्यांना राहवेना. तोंडावर रुमाल दाबून खोकले, एक मोठा आणि मागून दोन चोरटे. घरी टेप लावली की आपण त्यांना त्यावरून किती पिडायचो! तीच टेप तू रोज तिन्हीसांजेला अलीकडच्या कड्यावर स्पीकरवरून लावतेस, पक्षी अजून उरला असलाच तर उत्तर देईल म्हणून. पलीकडच्या कड्यावरच्या रेकॉर्डरने टिपलं ते उत्तर नव्हे. आपलीच हाक वाऱ्याबरोबर दरी ओलांडून गेली.

कोणती जागा आधी राखायची, यापेक्षा ते ठरवायचं कसं, यावरच आमची समिती कधीची भांडतेय. एक पद्धत म्हणते, सगळ्यात दुर्मीळ ते आधी. दुसरी म्हणते, जिथे वाचण्याजोगं अजून पुष्कळ आहे ते आधी. मी दुसरीच्या बाजूचा. पण तुझी साद ऐकली आणि माझ्यासकट सगळे पहिलीकडे झुकले. राखता येणार एकच जागा; त्या पद्धतीच्या हिशेबाने दरी वाचते. नदीकाठची पाणथळ, जिथे आत्ता हजारो पाखरं अंड्यांवर बसलीत, भरावाखाली जाते. साद खोटी ठरली, तर दरी खाणवाल्यांची.

तू पाठवलेला तुकडा साद संपताच तुटतो. तंत्रज्ञाने रेकॉर्डरमधलं मूळ मागवलं, म्हणून पुढचं ऐकू आलं. बरोबर तिथेच कापायचं, तर खोकला आधी ऐकावा लागतो, छोटे. मी रागावलेलो नाही. सकाळपासून जिन्यात कुणी खोकलं, की माझं पेन थांबतं.

उद्या अहवाल समितीपुढे जाईल. त्याआधी तू स्वतः फोन करून नोंद मागे घे, एवढ्यासाठी हे पत्र. तू सांगितलंस तर निदान पुढे तुझ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवेल. पत्र जीपवाल्याकडे देतोय. तो पोचेल तेव्हा स्पीकर आपोआप लागायची वेळ झाली असेल. आज बंद करू नकोस. बाबा खोकेपर्यंत ऐक, मग फोन कर. मी ऑफिसातच बसून आहे. परवा माणसं स्पीकर आणि रेकॉर्डर उतरवायला येतील.

तुझाच,
दादा