वहीतले दहा अंश

वर्सोवा,
गुरुवार, ९ जानेवारी १९७५

प्रिय शिवदास,

तुझी वही अजून माझ्याकडे आहे. आज उघडली, तर पानांना अजून बोंबलाचा वास. आमच्या मासळीच्या बर्फपेटीत तू बिअरचा हंडा बसवलास, तेव्हा आई म्हणाली होती, "मेल्या, पापलेटांना चढेल ना रे!" किती हसला होतास! बिअरच्या कारखान्यात पिंपं धुणारा तू, आणि तिथल्या बळवंतसाहेबांनी शब्द दिला होता: घरी चांगली बिअर करून दाखव, आंबवणखात्यात घेतो.

जवाचा रस उकळून, निववून त्यात यीस्ट घातलंस आणि वडील आजारी म्हणून आठ दिवस गावी गेलास. जाताना बजावलंस, दहा अंशांच्या वर जाऊ देऊ नकोस. मी दर दोन तासांनी थर्मामीटर बघायचो, बर्फ घालायचो, आकडा लिहायचो. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण माझं अक्षर तुला आवडायचं.

तिसऱ्या दिवशीही फेस नव्हता. आमच्या घरी माडीची सवय. सकाळी उतरवली की दुपारी फसफसते. हे मात्र गप्प. थंडीतलं यीस्ट सावकाश चालतं, तळाशी बसतं, हे तू सांगितलं होतंस. तरी वाटलं, माझ्या हातून मेलं. हंडा काढून चुलीजवळ ठेवला, वर गोधडी गुंडाळली. संध्याकाळी झाकणापर्यंत फेस! मी आनंदाने रडलोच. मग थर्मामीटर पाहिला. सत्तावीस. घाईघाईने हंडा पुन्हा बर्फात ठेवला, आणि वहीत त्या दिवसाच्या रिकाम्या राहिलेल्या चारही रकान्यांत सुवाच्य अक्षरात लिहिलं: दहा.

तू परतल्यावर आणखी पाच आठवडे ती बर्फात मुरवलीस. साहेबांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. पिकल्या केळ्यांचा वास. वही चाळून म्हणाले, थंडावा तर चोख राखलाय, म्हणजे तुझ्याच हाताला गुण नाही. तू म्हणालास, "अनंताने जीव तोडून सांभाळलं, साहेब." मी मान खाली घातली. महिन्याने तू ते काम सोडून कुर्ल्याला गॅरेजात लागलास. त्याला चार वर्षं झाली.

काल तुझी बहीण जया बाजारात भेटली. नव्या कारखान्याने तुला आंबवणखात्यासाठी सोमवारी बोलावलंय, आणि तू जाणार नाहीस म्हणे. हाताला गुण नाही म्हणतोस. शिवदास, गुण होता रे. केळ्यांचा तो वास माझ्या चुलीच्या उबेचा. ते पान फाडून सोबत पाठवतोय. चारही दहा खोडून, 'दिवसभर चुलीजवळ, संध्याकाळी सत्तावीस' असं खरं ते लिहिलंय, खाली सही केलीय. मला शिव्या घाल, माझं तोंड बघू नकोस. पण सोमवारी जा, आणि कोणी विचारलंच तर हे पान दाखव.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
अनंता