वाकड्या दाताची कवळी

३ जून
चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.
तुझ्या लॅबमधून कवळी आली. माझा वाकडा दात तू नव्या कवळीतही वाकडाच बसवलास, मेल्या! आरशात पाहून पोट धरून हसले. पण टाळूला जळजळतं, जिभेवर सायीसारखा थर येतो, पुसला तर रक्त निघतं. जेवण जात नाही, अंगही उतरलंय. डॉक्टरांना तोंड दाखवू का?
माया आहेच, ती सैल पडू देऊ नकोस.
ताई

११ जून
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
डॉक्टर कशाला? तीस वर्षं कवळ्याच करतोय मी. घासत असणार, चूक माझ्या हाताची. डब्यात घालून पाठव, गुळगुळीत करून देतो. त्या दाताला मात्र हात लावणार नाही, तो वाकडाच शोभतो तुला!
रागावलीस तरी लोभ राहू दे.
धाकटा

२४ जुलै
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
तिसऱ्यांदा घासून आलेली कवळी अगदी अलगद बसते. तुझ्या हाताला तोड नाही. पण खरं सांगू? कवळी काढली तरी दुखतं, पाण्याचा घोटही गळ्यात अडकतो. तुझ्या कामाला नाव ठेवल्यासारखं होईल म्हणून बोलले नाही. लेक ऐकत नाही, उद्या डॉक्टरांकडे नेतेय.
काळजी करत बसू नकोस.
ताई

२ ऑगस्ट
ती. मामास सा. न. वि. वि.
आईला दवाखान्यात ठेवलंय. तोंडात बुरशी आहे. डॉक्टर म्हणाले, कवळीखाली जराशी कुणालाही होते, पण ही घशात उतरलीय. रक्त तपासलं, तर रोगाशी लढणाऱ्या पेशीच संपत आल्यात. आता छातीतही संसर्ग झालाय. दोन महिने आधी आला असतात तर उपचारांना वाव होता, म्हणाले. मामाला कळवू नको असं आईनं बजावलंय. मला राहवलं नाही. लवकर ये.
भाची

५ ऑगस्ट
ती. ताईस,
कवळी तीनदा माझ्या हातात आली. तिन्ही वेळा आतून पांढरी होती. मी ती ब्रशनं स्वच्छ धुतली आणि घासत बसलो. तुझ्या दुखण्याची खूणच मी धुऊन टाकली गं. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही.
लोभ मागायचाही हक्क उरला नाही.
धाकटा

१० ऑगस्ट
ती. मामास,
तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. वेडा आहे, म्हणाली, येईलच तो. मग कवळी मागितली. तोंड सगळं सोललेलं, नर्स नको म्हणत होती, तरी बसवून घेतली. बोळक्या तोंडानं धाकट्याला कशी भेटू, म्हणाली. दुपारभर दाराकडे बघत होती. चारला गेली.
कवळी डब्यात घालून पाठवतेय. या वेळी धुऊ नकोस.
भाची