तारप्याला पाठ

नाचाच्या रांगेतून मला हाताला धरून बाहेर काढलंस, साऱ्या पाड्यासमोर, हे मी अजून गिळलेलं नाही. मैत्रिणीचं काहीतरी ऐकायला मी नुसती मागे वळले होते. तू मधोमध तारपा फुंकत होतास, तो थांबवलास नि म्हणालास, "तारप्याला पाठ दाखवतेस? जा, बाहेर बस." बा, तुला जाऊन एवढा काळ झाला की माझी नात कॉलेजला जायला लागली. तरी ते आठवलं की माझे कान तापतात.

आता ऐक. गेल्या पावसाळ्यात माझं डावं अंग गेलं. तोंड शाबूत राहिलं. सून म्हणते, तेच जायला हवं होतं. कासाच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "आजी, चालला नाहीत तर पाय लाकडासारखा होईल." मला बाकी कशाचं काही नव्हतं, संडासला सुनेच्या खांद्यावर लटकून जायचं, त्याची चीड यायची. आये आठवायची. तिचंही असंच अंग गेलं होतं नि आपण तिला खाटेवर ठेवली. भरवली, पुसली. उठवली कुणी नाही.

मग नातीनं तिचा मोबाइल आणला. "आजी, गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही हां." आधी डीजेचं लावलं. मी म्हटलं, "बंद कर, माझा चांगला पायसुद्धा मोडेल." तेव्हा तिनं कुणाच्या तरी लग्नात भरून घेतलेला तारपा लावला. खोटं कशाला बोलू, पाय आपला आपण हलला. नात म्हणते, "फोन कमरेला खोच नि रस्त्यानं सरळ चाल." तारपा कमरेला खोचला तर मी तोंड कुणाकडे करायचं? मी तो अंगणात उखळावर ठेवला नि त्याच्याभोवती फिरू लागले. मध्येच कुणाचा फोन आला, तारपा गप्प. मी पाय उचललेला, तशीच भिंतीला धरून उभी.

"अगं आजी, पाय तरी खाली ठेव!"

"वाजवणारा थांबलाय. मी कशी चालू?"

कासाच्या बाईनं मला चालवून बघितलं नि म्हणाली, "गोल फिरता ना, डावा पाय आतल्या बाजूला राहतो, तो नुसता ओढला जातो. सरळ चाला." मी हो म्हटलं नि घरी येऊन गोलच फिरले.

एक दिवस सून नि नात दोघी वाडीत चिकू तोडायला गेलेल्या. तारपा उखळावर वाजतोय नि मला लागली. संडास मागच्या कुंपणाशी. तू वाजवता वाजवता वळायचास, मग सारी रांग वळायची. फोन कुठे वळतो? थोडा वेळ उभी राहिले. मग केली पाठ. कशाला हात न लावता सरळ गेले नि सरळ आले. आवाज मागून येत होता नि पाय त्याच्यावर बरोबर पडत होते. तारपा पाठीनंसुद्धा ऐकू येतो, हे तू कधी सांगितलं नाहीस. तुला कुठून ठाऊक असणार, तू सदा मध्ये.

तू अंगणात वाजवायचास तेव्हा आये आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिचे पाय गोधडीखाली हलत होते का, ते आपण कुणी उचलून बघितलं नाही.

हा कागद कुठे जायचा नाही, चुलीत जाईल. आता मला फोनशिवाय चालता येतं. नातीला सांगितलेलं नाही, ती तो घेऊन जाईल. आयेला विचार, पाय हलायचे का. उत्तर तिनं द्यायचं. तू मध्ये बोलायचं नाहीस.