गाडी चार बोटं खाली

अण्णा, तुमच्या नातवाला गाडी खाली करायची होती. खाली म्हणजे जमिनीच्या जवळ, दिसायला झोकदार म्हणून. तुम्ही जन्मभर वडापची जीप वर उचलत आलात, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी एक पाटा घालून, टपावर माणसं चढली तरी गाडी बसू नये म्हणून. आणि हा इथे शारजात चांगली धड गाडी चार बोटं खाली आणायला निघालेला. तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असतात. मला तेवढाही जोर उरलेला नाही. दिवसभर साइटवर उभं राहून घरी यावं, तर ताटावर रोज हाच विषय.

दोन वाटा होत्या. एक, नुसत्या आखूड, कडक स्प्रिंगा घालायच्या, शॉकअप जुनेच. दुसरी, कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, आटे फिरवून हवी तेवढी उंची ठेवायची. पण चांगले महाग, म्हणून स्वस्तातले. "बाबा, यू टेल मी, व्हिच वन?" सव्वीस वर्षांचा घोडा, मला कधी काही विचारत नाही, तो मला इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात घेऊन गेला. मी आपला खूश. तिथला पठाण म्हणाला, "हबीबी, सस्ता कॉइलओव्हर मत डालो. थोडे दिन में खट-खट करेगा, कमर भी खलास." खाली केलेली गाडी वर्षाच्या पासिंगला नापास होते, त्याचं काय? तर मूळच्या स्प्रिंगा बाल्कनीत ठेवायच्या, पासिंगच्या आदल्या दिवशी बसवायच्या आणि पास झाली की पुन्हा काढायच्या. इथे सगळे असंच करतात म्हणे. आमच्या बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला जागा नाही.

कमर शब्द ऐकला आणि माझी खुशी उतरली. तुमच्या सुनेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. ती दुबईत अल मनखूलला एका नर्सरीत शिकवते, आणि रोज सकाळी ह्याच्याच गाडीतून जाते, कारण ह्याचं ऑफिस तिकडेच आहे. घरी जेवण झालं की हा खोलीचं दार लावून बसतो. गाडीत मात्र बोलतो. बॉसबद्दल, कुठल्याशा मुलीबद्दल, काय वाट्टेल ते. ती संध्याकाळी मला सगळं सांगते, तोंडभर हसून. आत्ताच प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचा जीव जातो, पण त्याला म्हणते, "कर रे, मी काय काचेची आहे?" आणि मला, "त्याला एक अक्षर बोलायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

मला आई आठवते. टाके घातलेल्या आईला रत्नागिरीच्या इस्पितळातून घरी न्यायचंय. त्या जादा पाट्यामुळे रिकामी जीप नुसती उडते. तुम्ही खाणीवरून चिरे भरून आणता, मागे रचता. मी विचारतो, "अण्णा, चिरे कशाला?" "गाडी दबली की नरम चालते. गप बस, पाय वर घे." मधल्या सीटवर गोधडी घालून आईला आडवं करता, वाटेत हात करणाऱ्या एकाही माणसासाठी थांबत नाही. आई पडल्या पडल्या सगळा रस्ता तुमच्याशी भांडते, धंदा बुडवलात म्हणून. तुम्ही तिच्याशी कधी गोड बोललेलं मला आठवत नाही. तेव्हा त्याचा राग यायचा. आता नाही येत.

शेवटी मी शपथ मोडली. खाली पार्किंगमध्ये त्याला गाठून म्हटलं, "स्प्रिंगा घाल नाहीतर कॉइलओव्हर घाल, आईची पाठ दोन्हींत मोडणार आहे. ती तुला सांगत नाही, मी सांगतोय." मला वाटलं होतं, पोरगं विरघळेल. तो म्हणाला, "देन शी कॅन गो विथ यू, नो?" रागाने नाही हो, अगदी सरळ, प्रश्न सुटल्यासारखा. शनिवारी त्याने स्प्रिंगा घातल्या. गाडी मला दाखवायलाही आणली. "नो चीप कॉइलओव्हर्स, बाबा. लाइक यू सेड." असं मी म्हणालो नव्हतो, पठाण म्हणाला होता. मी मान डोलावली.

आता तुमची सून माझ्या जुन्या गाडीतून येते. मला जेबेल अलीच्या साइटवर लवकर पोचायचं असतं, म्हणून नर्सरीचं फाटक उघडायच्या कितीतरी आधी तिला सोडतो. वॉचमन खुर्ची देतो, त्यावर बसून राहते बिचारी. पहिले काही दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एकदाच बोलली, "पाठ माझी होती. दुखली असती तर दुखली असती. तुम्हाला कुणी विचारलं होतं?" तो आता तिच्याशीही दाराआडूनच बोलतो.

ह्या पत्राला पत्ता नाही तेच बरं, तिच्या हाती पडायला नको. अण्णा, इतकी वर्षं मी साइटच्या रस्त्याने एकट्याने गाडी हाकली. आता शेजारी कुणीतरी असतं. काल ती खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती, आणि तेव्हासुद्धा मला बरं वाटत होतं.