लंडन बघून घे

कॉव्हेंट्री, रविवार, ९ मार्च

तीर्थरूप बाबा,
मंजिरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं श्रवणयंत्र आणि आमचा फोन यांचं काही केल्या पटत नाही, त्यामुळे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायची तुमची युक्ती मला फार आवडली आहे. फोनवर मी नुसती ओरडते आणि तुम्ही नुसतं 'बरं बरं' म्हणता. इथे निदान सुनेचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकावं तरी लागतं तुम्हाला.

तर बातमी अशी, की आम्ही लंडन बघितलं! हसू नका. चार वर्षं झाली इथे येऊन, ट्रेनने तासाभराचा रस्ता, आणि दर वेळी तुम्ही विचारायचात की राजवाडा बघितला का, की आम्ही म्हणायचो, बघू उन्हाळ्यात. शनिवार-रविवार धुणं, भाजी आणि इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या लावण्यात संपायचे. आणि या बुधवारी अंबरीश घरी आला, बूटही न काढता म्हणाला, की उद्या लंडनला जाऊ, दोन दिवस राहू. ऑफिसचं काय, असं विचारलं तर म्हणाला, रजा शिल्लक आहे.

बाबा, तुमच्या मुलाबरोबर फिरायला जाण्यापेक्षा घर शिफ्ट केलेलं परवडलं. टॉवर झाला की पूल, पूल झाला की बोट, बोटीतून उतरलो की ग्रिनिच. तिथे जमिनीत ती रेघ आहे ना, पूर्व आणि पश्चिम वेगळी करणारी, तिच्यावर दोन्हीकडे पाय ठेवून फोटो काढायला ही रांग! मी हौसेने उभी राहिले, तर साहेब घड्याळ बघतायत, कारण म्युझियम बंद होईल. म्युझियममध्ये मी एका बाकावर बसकण मारली, पण हा काही बसेना. मागे उभा राहून सारखं चालू, हेही बघून घे, तेही बघून घे, मग राहून जाईल. थालीपीठं करून नेली होती ती आम्ही चालता चालता खाल्ली. म्हणजे मी खाल्ली, त्याने तशीच परत आणली.

पण खरं सांगू? पायांचे तुकडे पडले तरी मला फार बरं वाटलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सबंध दोन दिवस तो असा माझा म्हणून कधी मिळाला नव्हता. थेम्सच्या बोटीत वारा असा, की नाक हाताला लागेना. त्याने स्वतःचा मफलर माझ्या डोक्याला गुंडाळला आणि चारचौघांत माझा हात धरून बसला. सासऱ्यांना लिहायची ही गोष्ट नव्हे, पण आनंद झाला तो कुणाला तरी सांगायला हवा.

आता तुमचं मत हवंय. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलने मला रेडिओग्राफरची जागा देऊ केली आहे. नागपूरला एक्स-रे काढायचे तेच काम, फक्त नाव भारदस्त. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. काम मला आवडतं, पण पाळ्या आहेत, महिन्यातले निम्मे शनिवार-रविवार जातील. अंबरीशच्या नोकरीवर घर नीट चाललंय, आणि लंडनहून आल्यापासून तर वाटतं की नकोच. तो म्हणतो, तुझं तू ठरव. त्याचं जेवण हल्ली कमी झालंय आणि तो एका जागी ठरत नाही, विचारलं तर कामाचा ताण म्हणतो. तुम्ही काय म्हणता?

लोभ आहेच, त्यात भर घालत राहावी.
तुमची,
मंजिरी

नागपूर, सोमवार, १० मार्च

चि. अंबरीश यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या एकट्याच्या फोनवर पाठवतो आहे. मंजिरीचं पत्र काल आलं. शेजारच्या शशिधरला कौतुकाने वाचून दाखवलं. तो खूश झाला. मी मात्र ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

बँकेने मला सगळ्या विदर्भात नाचवलं, ते तू बघितलंस. बुलढाण्याला इतकी वर्षं होतो, पण लोणार कधी बघितलं? बदलीचा हुकूम हातात पडल्यावर. परतवाड्याला होतो, चिखलदरा इतकं जवळ, तिथे गेलो ते सामान बांधायच्या आठवड्यात. ताडोब्याचंही तेच. असेपर्यंत वाटायचं, कुठे पळून जातंय. मग निघायची वेळ आली की तुला आणि तुझ्या आईला एसटीत कोंबून पळवत पळवत सगळं दाखवायचो. 'हे बघून घे, मग राहून जाईल' हे शब्द माझे आहेत. तुझी आई तर मी चिखलदऱ्याचं नाव काढताच भांडी गुंडाळायला रद्दी जमवायला लागली होती. तिला हुकूम दाखवावा लागला नाही.

तेव्हा सरळ विचारतो. नोकरी गेली का? तिथून निघावं लागणार आहे का? आणि मंजिरीला यातलं काही ठाऊक नाही, हे तिच्या पत्रात ओळीओळीला दिसतं आहे. ती बिचारी लंडनच्या आनंदात हॉस्पिटलला नाही म्हणायला निघाली आहे. शुक्रवारच्या आत तिला सांग. मला रागवायची सवय नाही, पण आज राग आला आहे आणि तो लपवत नाही.

उलट टपाली, म्हणजे आजच, उत्तर पाठव. जेवत जा.
तुझा,
बाबा

बर्मिंगहॅम, मंगळवार, ११ मार्च

तीर्थरूप बाबांना
अंबरीशचा सा. न.

तुम्ही ओळखलंत. हे इथल्या लायब्ररीत बसून लिहितो आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, मंजिरीला वाटतं ऑफिसला. गेल्या महिन्यात कंपनीने आमची अख्खी टीम बंद केली. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला आहे. होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलं की मोजकी मुदत मिळेल, तेवढ्यात दुसरी कंपनी सापडली तर ठीक, नाहीतर परत. रोज अर्ज करतो. अजून कुठून साधा फोनही नाही.

मंजिरी माझ्या व्हिसावर आहे. या हॉस्पिटलने तिला घेतलं, तर ते तिला स्वतःचा व्हिसा देतील आणि मी तिच्या व्हिसावर राहू शकेन. म्हणजे सगळं तिच्या हो-नाहीवर आलं आहे, आणि नेमकं म्हणूनच मी बोलत नाही. माझ्यामुळे तिने नागपूरची चांगली नोकरी सोडली. इथल्या परवान्यासाठी पुन्हा अभ्यासाला बसली. आता परत माझ्याचसाठी तिने मन मारून पाळ्या कराव्यात, हे मला नको आहे. तिला मोकळेपणाने ठरवू दे. शुक्रवारी तिचं उत्तर गेलं की त्याच संध्याकाळी सगळं सांगतो.

लंडनला निघताना सांगायचंच ठरवलं होतं. टॉवरपाशी सांगू म्हटलं, मग बोटीत सांगू म्हटलं. पण ती इतकी आनंदात होती की जीभ रेटेना. म्हणून नुसता पळत राहिलो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

कृपा करून तिला काही कळवू नका. राग मान्य आहे, पण त्यापायी माया आटू देऊ नये.
आपला,
अंबरीश

नागपूर, बुधवार, १२ मार्च

चि. सौ. मंजिरी हिला,
अ. आ.

तू मत विचारलंस, म्हणून लिहितो. अंबरीशने मला एक गोष्ट तुझ्यापासून लपवायला सांगितली आहे. ती गोष्ट मी सांगणार नाही, ती त्याच्या तोंडून यायला हवी. पण अशी गोष्ट आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. तू विश्वासाने विचारलंस आणि मी इकडून गोड गोड लिहायचं, हे मला जमत नाही.

भलतंसलतं मनात आणू नकोस. त्याची तब्येत चांगली आहे, आणि दुसरी बाईबिई काही नाही, तेवढी धमक त्याच्यात नाही. आज तो आला की त्याला चहा दे, समोर बसव, आणि विचार, की गेल्या गुरुवारी तुला ऑफिसने सोडलं कसं. तोवर हॉस्पिटलला एक अक्षरही कळवू नकोस. माझं मत त्यानंतर तुला लागणारच नाही.

रागावलीस तर हक्काने रागाव, माझ्यावरसुद्धा.
तुझा,
बाबा

कॉव्हेंट्री, रविवार, १६ मार्च

बाबा, नमस्कार.

आज अक्षर नीट येणार नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा उशीर झाला होता. हॉस्पिटलला मी सोमवारी सकाळीच नाही म्हणून कळवून टाकलं होतं. तुम्हाला मत विचारलं आणि तुमच्या उत्तराला थांबले नाही, त्याची क्षमा मागते. पण लंडनहून आले ती तरंगतच आले होते. म्हटलं, असे दिवस मिळणार असतील तर पाळ्या हव्यात कुणाला? अंबरीशलाही बोलले नव्हते. शुक्रवारी श्रीखंडाच्या वाटीबरोबर सांगणार होते, की आता आपले सगळे शनिवार-रविवार आपल्यालाच.

तुमच्या सांगण्याप्रमाणे चहा दिला, समोर बसवलं आणि विचारलं. त्याने सगळं सांगितलं. मी इतकी ओरडले की शेजारच्या बाईंनी भिंतीवर ठोठावलं. मग मी माझं सांगितलं. तो उठला आणि वॉशिंग मशीनला टेकून खाली फरशीवर बसला. त्यावर ओरडायलाही माझ्यात त्राण उरलं नाही.

मला मोकळेपणाने ठरवू द्यायचं होतं म्हणे! ज्याला अर्धंच सांगितलं आहे, तो मोकळेपणाने काय कपाळ ठरवणार? नोकरी गेली यात त्याची चूक नाही, बाबा, ते मला पुरतं कळतं. ती कुणाचीही जाते. त्याने सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी हो कळवून लंडनला गेले असते, आणि पाळ्यांचं कुरकुरत का होईना, केलं असतं. त्यात मन मारणं कुठलं? पण त्याने मला खूश करून फसवलं. दुःख देऊन फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

गुरुवारी फोन केला. डिपार्टमेंटच्या मॅनेजर बाई भल्या आहेत, पण म्हणाल्या की जागा पुढच्या उमेदवाराला देऊ केली आहे, त्याचं उत्तर आलं की कळवते. तेव्हापासून फोन घेऊनच आंघोळीला जाते. स्वयंपाकघरातली सगळी कपाटं रिकामी करून पुसली आणि पुन्हा भरली. काल परत तेच केलं. तो रोज लायब्ररीत जातो. मी डबा भरून देते, बोलत मात्र नाही.

तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत. तुमचा तेवढा लोभ राहू द्या, घरात सध्या त्याची टंचाई आहे.
मंजिरी

नागपूर, सोमवार, १७ मार्च

चि. सौ. मंजिरी हिला आशीर्वाद.

तुला मी दोन दिवस आधी लिहायला हवं होतं. अंबरीशला तीन पानं लिहिली आणि तुझं उत्तर घाईने नको, विचार करून देऊ म्हणत मागे ठेवलं, ही माझी गफलत झाली. रात्रंदिवस तुमचाच घोर लागला आहे. बागेत फिरायला जातो आणि फाटकातूनच परत येतो, फोनवर काही आलं का बघायला. शशिधर म्हणतो, तुम्ही परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखं करताय. त्याचं काय जातं म्हणायला!

परत यावं लागलं तर घर तुमचंच आहे, हे वेगळं सांगायला नको. पण न भांडता येऊ नका. तुझं आणि त्याचं तिथेच मिटवून या. अबोला विमानात घालून आणलात तर मी विमानतळावर तर येणार नाहीच, दारातही उभं करणार नाही.

माझा जीव तुमच्याकडे आहे, सांभाळा.
बाबा

कॉव्हेंट्री, रविवार, १८ मे

तीर्थरूप बाबा,
शि. सा. न. वि. वि.

अडचणीतून सुटलो, हे तुम्हाला एका ओळीत कळवलं होतंच, आता सविस्तर लिहिते. तो पुढचा उमेदवार त्याच्या गावाजवळची जागा मिळाली म्हणून तिकडे गेला, आणि मॅनेजर बाईंनी मला पुन्हा विचारलं. मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. व्हिसाचे कागद वेळेत गेले, मागच्या आठवड्यात मंजुरीही आली. गेल्या सोमवारपासून कामावर जाते आहे. अंबरीशला अजून काही मिळालेलं नाही, पण दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आहेत. सध्या स्वयंपाक त्याच्याकडे आहे. वरण चांगलं करतो, पोळ्यांचं विचारू नका.

तुम्ही दर पत्रात आडून आडून विचारता, की राग गेला का. बराचसा गेला, असं म्हणता येईल. बोलतो, हसतो, भाजीवरून भांडतो. एकदा मी त्याला विचारलं, की बोटीत तू माझा हात धरलास तो मायेने की भीतीने. तो म्हणाला, की त्याचं त्यालाच माहीत नाही. हे उत्तर खरं वाटलं, म्हणून त्या दिवशी मी आपणहून त्याच्या शेजारी जेवायला बसले. पण ते फोटो मात्र अजून उघडले नाहीत. त्या फोटोंत मी इतकी खुळ्यासारखी हसते आहे, आणि ते हसू कुणाचं आहे ते मला कळत नाही.

परवा हॉस्पिटलातली पाळी संपली तेव्हा तो मला न्यायला आला होता. दारातच आमच्या डिपार्टमेंटच्या जुन्या बाई भेटल्या, ओळख करून दिली. त्यांनी सहज विचारलं, की चार वर्षं इथे आहात, तर लंडन अगदी पाठ झालं असेल तुम्हाला. अंबरीशने मान खाली घातली. मी त्यांना म्हटलं, की नाही हो, आम्ही दोघांनी अजून लंडन बघितलेलं नाही, जायचं आहे.

प्रकृतीला जपा, आणि आहे तो लोभ दोघांवर सारखा ठेवा.
तुमची,
मंजिरी